जठरात उजेड नेणारे वैद्य : डॉ. बॅसिल हिर्शोविट्झ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



‘पोटाची दुर्बीण करून घ्या’ असे डॉक्टरांनी सांगितले, की चांगल्या धीराच्या माणसाचाही चेहरा उतरतो. वर्षानुवर्षे छातीत जळजळ सोसली जाते, जेवणानंतर ओवा, सोडा, आम्लपित्ताच्या गोळ्या असे नाना प्रयोग होतात. परंतु घशातून नळी आत जाणार ही कल्पना मात्र सोसवत नाही. मग लग्नसराई आटोपू द्या, पर्युषण होऊ द्या, दिवाळीचा माल येऊ द्या, असे म्हणत तपासणीची तारीख पुढे जाते. तारीख पुढे गेली तरी पोटातील दुखणे थांबत नाही, ही गोष्ट हिशेबात धरायची राहून जाते.

ज्या नळीची एवढी धास्ती वाटते, ती लवचिक नळी सर्वप्रथम गिळली ती तिच्या निर्मात्या डॉक्टरांनीच, आणि तीही घसा बधिर न करता. त्यांचे नाव डॉ. बॅसिल हिर्शोविट्झ. जठर व आतड्यांच्या विकारांचे तज्ज्ञ, म्हणजे ज्यांना आज गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट म्हटले जाते, अशा वैद्यांच्या पिढ्यांच्या हाती डोळे देणारा हा पुरुष. परंतु आजचे व्याख्यान केवळ त्यांच्या यंत्रावर नाही. यंत्र हाती आल्यावरही चाळीस वर्षे त्यांनी रोग्याच्या पोटात जे शोधले, त्यात आपल्या घरोघरच्या औषधांच्या डब्याशी संबंधित असा एक धडा आहे. तोही येथे सांगावयाचा आहे.

हिर्शोविट्झ यांचा जन्म 1925 साली दक्षिण आफ्रिकेतील बेथल या गावी झाला. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात वैद्यकाची पदवी मिळवून ते पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथील सेंट्रल मिडलसेक्स रुग्णालयात सर फ्रान्सिस एव्हरी जोन्स हे जठरविकारांचे मोठे नामांकित वैद्य होते. त्यांच्या हाताखाली तरुण हिर्शोविट्झ यांनी जठरव्रणाचा, म्हणजे अल्सरचा, अभ्यास केला. 1953 साली ते अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बर या गावी, दाखल झाले.

त्या काळी अल्सरच्या रोग्याची स्थिती कशी होती, हे समजल्यावाचून या माणसाच्या कामाचे मोल कळणार नाही. अल्सरचा त्रास त्या वेळी फार बोकाळलेला होता. निदानाचा मुख्य आधार म्हणजे बेरियमचे पांढरे द्रावण पाजून काढलेला क्ष-किरणांचा फोटो. फोटोत सावली दिसे, प्रत्यक्ष जखम दिसत नसे. जठरात प्रत्यक्ष पाहण्याचे साधन नव्हते असे नाही. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे अडॉल्फ कुसमाउल यांनी 1868 साली धातूची सरळ नळी जठरात उतरवून पाहिली होती. त्यासाठी त्यांना तलवार गिळण्याचा खेळ करणारा माणूस शोधावा लागला, यावरूनच ते साधन सामान्य रोग्याच्या किती उपयोगाचे होते हे ध्यानात येईल! पुढे 1932 साली रुडॉल्फ शिंडलर यांनी बर्लिनचे यंत्रकार गेओर्ग वोल्फ यांच्या साहाय्याने अर्धवट वाकणारे जठरदर्शक तयार केले. त्यात भिंगांची लांबलचक ओळ बसविलेली होती. ते थोडेफार वाके, परंतु फार वाकविल्यास चित्र नाहीसे होई. रोग्याला कुशीवर निजवून, मान मागे ताणून, एका मदतनिसाने डोके धरून ठेवायचे आणि मग ती नळी आत सरकवायची. एवढे करूनही जठराचे काही कोपरे दिसतच नसत. जठराच्या पलीकडे लहान आतड्याचा जो आरंभीचा भाग असतो, ज्याला आद्यांत्र म्हणतात, तेथे तर ही नळी पोहोचतच नसे. आणि अल्सर तर पुष्कळदा तेथेच असे. म्हणजे चोर माजघरात आणि कंदील फक्त ओसरीपर्यंत, अशी ती अवस्था होती.

हे शिंडलर स्वतः नाझी राजवटीत तुरुंगवास भोगून 1934 साली शिकागोला आले आणि अमेरिकेत त्यांनी या तंत्राची शाळाच उभी केली. हिर्शोविट्झ ज्या पिढीत शिकले, ती शिंडलर यांच्या यंत्रावर वाढलेली पिढी होती. त्या यंत्राच्या मर्यादा सर्वांना ठाऊक होत्या. मात्र ‘हे असेच असते’ म्हणून चालवून घेणारे पुष्कळ होते.

1954 च्या जानेवारीत लंडनच्या ‘नेचर’ या सुप्रसिद्ध नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध झाले. लेखक होते इम्पीरियल कॉलेजचे प्रा. हेरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी. हे कपानी आपल्याच देशाचे, पंजाबातील मोगा या गावी 1926 साली जन्मलेले. इंग्लंडला जाण्यापूर्वी त्यांनी डेहराडूनच्या आयुध निर्माणीत काम केले होते. हॉपकिन्स यांना ही कल्पना सुचण्यास एका डॉक्टरांचे गाऱ्हाणेच कारण झाले होते. 1951 साली एका भोजनप्रसंगी त्या डॉक्टरांनी जठरदर्शकाच्या ताठपणाविषयी तक्रार केली आणि हॉपकिन्स विचार करू लागले. काचेच्या अतिशय बारीक तंतूंची जुडी करून त्या जुडीतून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेता येते, जुडी वाकविली तरीही, असे त्या दोघांनी दाखविले. त्याच अंकात हॉलंडचे प्रा. व्हान हील यांचेही याच विषयावर टिपण होते. त्याहीपूर्वी, 1930 साली, म्युनिकमधील हाइनरिख लाम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने काचतंतूंच्या जुडीतून एक अंधूक चित्र नेऊन दाखविले होते. त्याच्याही मनात जठरदर्शकच होते; परंतु त्याकडे कुणी लक्ष दिले नाही.

यामागचे तत्त्व थोडक्यात असे. काचेच्या तंतूत एका टोकाने शिरलेला प्रकाश तंतूच्या आतील भिंतींवर आपटत, उसळ्या घेत पुढे जातो, बाहेर पडत नाही. प्रत्येक तंतू चित्राचा एक ठिपका वाहून नेतो. असे हजारो तंतू जवळजवळ ठेवले की हजारो ठिपक्यांचे मिळून चित्र होते. परंतु अट एक आणि ती मोठी अवघड. एका टोकाला तंतूंचा जो क्रम असेल, नेमका तोच दुसऱ्या टोकाला हवा. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे चटकन समजेल. मागावर ताण्याचे धागे फणीतून ज्या क्रमाने भरले, तो क्रम मोडला तर नक्षी उमटत नाही, नुसता गोंधळ उमटतो. येथे तर धागा केसाहून बारीक आणि काचेचा!

हिर्शोविट्झ यांनी ते टिपण वाचले आणि त्याच वर्षी ते लंडनला जाऊन हॉपकिन्स व कपानी यांना भेटले. प्रत्यक्ष पाहिलेली जुडी आखूड होती, चित्र फिके होते. दुसरा एखादा माणूस निराश होऊन परतला असता. व्यापारात नमुना पाहण्याची एक दृष्टी असते. आजचा माल कसा आहे हे कोणीही पाहतो. हा माल उद्या काय होऊ शकेल हे थोड्यांना दिसते. हिर्शोविट्झ यांना ते दिसले. ॲन आर्बरला परतून त्यांनी पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्बर पीटर्स यांना गाठले आणि पदवीपूर्व वर्गातील लॅरी कर्टिस नावाच्या विद्यार्थ्याला हाताशी घेतले. तिघांपैकी कुणाचेही नाव त्या वेळी मोठे नव्हते, पैसाही बेताचाच होता. काच तापवून ओढलेला तंतू गुंडाळण्यासाठी त्यांनी प्रथम ओट्सचा पुठ्ठ्याचा गोल डबा वापरला, यावरून प्रयोगशाळेच्या श्रीमंतीची कल्पना यावी.

तंतू तयार होत, जुडीही होई, परंतु चित्र फिके पडे. कारण असे, की एकमेकांना चिकटलेल्या तंतूंमधून प्रकाश शेजारच्या तंतूत पाझरे. बोटांचा तेलकटपणा लागला, बारीक ओरखडा पडला, तरी उजेड गळे. तंतूला बाहेरून वार्निशासारखा लेप देण्याचे उपाय करून पाहिले. ते अपुरे पडले. तेव्हा तरुण कर्टिसच्या मनात आले, की काचेवर लेप कशाला, काचेवर काचच का चढवू नये? वेगळ्या जातीच्या काचेच्या पोकळ नळीत काचेची कांडी घालायची आणि दोन्ही मिळून तापवून एकच तंतू ओढायचा. ज्येष्ठांना ही कल्पना फारशी पटलेली नव्हती. 8 डिसेंबर 1956 रोजी कर्टिसने तसा तंतू ओढून पाहिला. भट्टीतील उजेड कित्येक फूट दूर, तंतूच्या दुसऱ्या टोकाशी स्वच्छ दिसत होता. आतील काच उजेड नेणार आणि बाहेरची काच तो आत राखणार, ही ती साधी वाटणारी युक्ती. आज दूरध्वनी व इंटरनेटचे संदेश समुद्राखालून ज्या काचतंतूंमधून जातात, त्यांतही गाभा आणि त्यावरील आवरण अशी हीच रचना असते. कर्टिसने 1957 साली पेटंटसाठी केलेला अर्ज मंजूर व्हायला 1971 साल उजाडले. सरकारी कागद तिकडेही सावकाशच चालतात!

आता त्या दिवसाकडे वळू. 1957 च्या फेब्रुवारीत साधारण मीटरभर लांबीची ती जुडी तयार होऊन हिर्शोविट्झ यांच्या हाती आली. ती चांगली जाडजूड होती, आजच्या दुर्बिणीसारखी सडपातळ नव्हती. समोर प्रश्न होता, पहिल्यांदा कुणाच्या घशात घालायची? त्यांनी दुसऱ्या कुणाचा विचार केला नाही. घसा बधिर न करता, उमाळे येत असतानाही त्यांनी ती स्वतःच गिळली. आपल्या घशाने या प्रयोगाचा किती निषेध केला, याचे वर्णन त्यांनी पुढे मोठ्या विनोदाने लिहून ठेवले आहे. काही दिवसांतच एका महिलेची तपासणी झाली. दंतवैद्यक शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याची ती पत्नी, आद्यांत्रातील अल्सरने त्रासलेली. ज्या जागी आजवर कुणाची दृष्टी पोहोचत नव्हती, ती जागा त्या नळीतून दिसली.

एवढ्यावर जगाने टाळ्या वाजवल्या असतील असे वाटेल. तसे झाले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे भरलेल्या जठरदर्शन तज्ज्ञांच्या सभेत हिर्शोविट्झ यांनी यंत्र दाखविले. भिंगांच्या नळीवर हात बसलेल्या तज्ज्ञांना हे नवे साधन लगोलग आपलेसे वाटले नाही. बाजारात विकण्याजोगे यंत्र तयार करण्यासही वेळ लागला. अमेरिकन सिस्टोस्कोप मेकर्स या कंपनीने ते काम घेतले आणि तिचे पहिले यंत्र 1960 साली आले. एक तंतू हाताने ओढणे वेगळे आणि शंभर यंत्रे एकसारखी, न तुटणारी, न गळणारी तयार करणे वेगळे. शोध लागला की माल तयार झाला, असे समजणाऱ्यांनी ही तीन वर्षे ध्यानात घ्यावीत. 1961 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत हिर्शोविट्झ यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि जुने जठरदर्शक आता सर्वच दृष्टींनी कालबाह्य झाले आहे, असे निःसंकोच लिहिले. छत्तीस वर्षांच्या माणसाने आपल्या गुरुजनांच्या हत्याराविषयी असे लिहिणे धाडसाचे होते. मात्र म्हणणे खरे ठरले.

त्यानंतरचा प्रवास वेगाने झाला. जपानी कंपन्यांनी हे तंत्र उचलले, सुधारले आणि बाजारपेठ काबीज केली. नळीतून बारीक चिमटा आत घालून जठराचा कणभर तुकडा तपासणीसाठी काढता येऊ लागला. 1969 साली न्यूयॉर्कमध्ये मोठ्या आतड्यातील गाठ पोट न फाडता, नळीतूनच तारेच्या फासाने कापून काढली गेली. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. बॅरी मार्शल व डॉ. रॉबिन वॉरन यांनी शंभर रोग्यांच्या जठरातील तुकडे असेच दुर्बिणीतून मिळविले आणि त्यांतून 1982 साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू हाती लागला. पुष्कळशा अल्सरचे मूळ चिंता किंवा तिखट हे नसून हा जिवाणू आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले. 2005 साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. लवचिक दुर्बीण नसती, तर शंभर माणसांच्या जठरातील तुकडे कोण आणि कसे मिळविणार होते?

हिर्शोविट्झ 1959 साली अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम या शहरी गेले आणि तेथील विद्यापीठात जठरविकार विभागाचे प्रमुख झाले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी तेथेच काढले. यंत्राच्या कीर्तीवर स्वस्थ बसणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र जठरातील आम्ल आणि पेप्सिन हे पाचक विकर यांचे मोजमाप हा आपला विषय केला. झोलिंजर-एलिसन या दुर्मीळ विकारात एका विशिष्ट गाठीमुळे जठरात बेसुमार आम्ल पाझरते आणि अल्सर भरून येतच नाहीत. एके काळी यावर संपूर्ण जठर काढून टाकणे हाच उपाय असे. अशा रोग्यांवर त्यांनी औषधाचा उपयोग दहा वर्षे सलग मोजून पाहिला आणि तो अभ्यास 2001 साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, प्रसिद्ध केला. रोगी तेच, वैद्य तोच, दहा वर्षे! आजच्या धावपळीत ही गोष्ट विरळाच.

परंतु त्यांच्या उत्तरायुष्यातील जे काम आपल्या कुटुंबांना सर्वाधिक जवळचे आहे, ते वेगळेच. काही रोग्यांचे अल्सर कशानेच बरे होत नसत. आम्ल कमी करणारी औषधे झाली, शस्त्रक्रिया झाली, कुणाची तर एकाहून अधिक वेळा झाली. तरी दुर्बिणीतून पाहावे तर पुन्हा जखम. पुन्हा रक्तस्राव. हिर्शोविट्झ आणि त्यांचे स्पॅनिश सहकारी डॉ. आंखेल लानास यांनी या रोग्यांचे रक्त तपासले. ॲस्पिरिन घेतले असेल तर रक्तातील बिंबाणूंवर, म्हणजे प्लेटलेट्सवर, त्याचा परिणाम ते बिंबाणू जिवंत असेपर्यंत राहतो, म्हणजे सुमारे आठ-दहा दिवस. तो परिणाम मोजता येतो. तपासणीत उघड झाले, की यांतील बहुसंख्य रोगी ॲस्पिरिन घेत होते. त्यांपैकी कित्येकांनी विचारल्यावर ‘नाही’ असेच सांगितले होते. लबाडीने सांगितले, असे सरसकट म्हणता येणार नाही. डोकेदुखीच्या, सर्दीच्या, अंगदुखीच्या कितीतरी तयार गोळ्यांत आणि पुड्यांत ॲस्पिरिन असते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. आणि रोज घेतली जाणारी गोळी हळूहळू औषध वाटेनाशी होते. चहासारखी ती दिनक्रमाचा भाग होते. 1998 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची जठरे कापली गेली, त्यांच्या जखमांमागे खिशातील गोळी होती, असा त्याचा अर्थ.

ही हकीकत अलाबामातील खरी, पण गोळ्या सर्वत्र सारख्याच. किती दुकानांत गल्ल्याच्या खणात डोकेदुखीची पट्टी पडलेली असते! दिवसभर गिऱ्हाईक सांभाळताना, दुपारचे जेवण टळले असताना, चहाबरोबर एक गोळी घेतली जाते. गुडघे दुखतात म्हणून घरातील आजी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना वेदनाशामक आणवितात. वेदनाशामक गोळ्यांचा एक मोठा वर्ग ॲस्पिरिनप्रमाणेच जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतो. वय जसे वाढते तसा धोकाही वाढतो. पोट दुखत नाही म्हणजे अल्सर नाही, असेही नाही. कित्येकदा पहिली खूण म्हणजे डांबरासारखा काळा शौच किंवा रक्ताची उलटी. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. येथे एक सूचना आवश्यक आहे. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेले अल्प मात्रेतील ॲस्पिरिन कुणीही हे व्याख्यान ऐकून आपल्या मनाने बंद करू नये. त्याने उलट अपाय होईल. जे करावयाचे ते एवढेच, की डॉक्टरांपुढे बसल्यावर घरात घेतली जाणारी प्रत्येक गोळी, पुडी, चूर्ण आणि काढा न लपविता सांगावा. शक्य असल्यास पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. दुर्बीण जखम दाखविते. ती जखम कशाने झाली हे पुष्कळदा रोग्याच्या तोंडूनच कळते.

राहता राहिली दुर्बिणीची धास्ती. आज वरच्या पचनमार्गाची तपासणी काही मिनिटांत होते. घशात बधिर करणारा फवारा मारतात, आवश्यकता वाटल्यास गुंगीचे औषध देतात. पोट रिकामे हवे, म्हणून तपासणीपूर्वी सहा ते आठ तास अन्न वर्ज्य असते. चौविहार करणाऱ्या आपल्या श्रावक-श्राविकांना सकाळच्या तपासणीसाठी यापरते वेगळे काही करावे लागत नाही, ही सोय इतरांना नाही! मधुमेह असल्यास मात्र गोळ्या व इन्शुलिन यांविषयी आधीच विचारून ठेवावे. गिळण्यास अडचण होणे, कारणाविना वजन उतरणे, रक्त कमी होणे, वारंवार उलटी होणे, ही लक्षणे असताना घरगुती उपायांत महिने घालविणे योग्य नव्हे. जठराचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत बहुधा गप्पच असतो. तो त्या वेळी सापडला तर उपाय हाताशी असतो.

डॉ. हिर्शोविट्झ यांचे 2013 च्या जानेवारीत बर्मिंगहॅम येथेच, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी निधन झाले. नरिंदरसिंग कपानी 2020 च्या डिसेंबरात गेले. भारत सरकारने त्यांना 2021 साली मरणोत्तर पद्मविभूषण दिले. 1957 साली गिळलेली ती पहिली जाड नळी अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात, स्मिथसोनियन संस्थेत जपून ठेवलेली आहे. मधल्या काळात दुर्बिणीचे स्वरूप पुष्कळ बदलले. 1983 साली नळीच्या टोकाशीच चिमुकला इलेक्ट्रॉनिक कॅमेरा बसविला गेला आणि चित्र पडद्यावर दिसू लागले. चित्र वाहून आणण्याचे काचतंतूंचे काम तेव्हापासून सरत गेले. तरीही आपल्या जिल्ह्याच्या गावातील रुग्णालयात एखाद्या रोग्याच्या जठरात दुर्बीण उतरते, तेव्हा बाहेरच्या दिव्याचा उजेड आत नेण्याचे काम पुष्कळशा यंत्रांत आजही काचेच्या त्या बारीक तंतूंची जुडीच करीत असते.